उखर्डूच्या किल्ल्या

शहाद्याच्या जुन्या जिनिंगचं गोदाम आता संग्रहालय आहे.
पंखा लावला की आढ्यातून अजूनही
रुईचा एखादा धागा तरंगत खाली येतो
आणि नेमका बसतो पेंढा भरलेल्या बिबट्याच्या
काचेच्या डोळ्यावर.
उखर्डू फुंकर मारतो. बिबट्या पापणी हलवत नाही.

माझं काम तीन महिन्यांचं. पाट्या लिहायच्या.
वस्तू, गाव, काळ, देणाऱ्याचं नाव.
चार ओळी, त्याहून जास्त नाही, साहेबांनी बजावलंय.

पावरी. भोपळा, बांबू, मेण. धडगाव.
खापर. चुलीवर पालथं घालून मांडे भाजण्यासाठी.
मागे उभा राहून उखर्डू पाटी ऐकतो,
म्हणतो, ताई, जेवायची वेळ झाली तेही लिहा.

शहामृगाच्या अंड्याचं कवच. नखाएवढं.
इथे मी अर्धा दिवस अडते.
खिडकीबाहेर केळीचा ट्रक, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी,
आणि या मातीवर शहामृग?
‘पळाले असतील की,’ उखर्डू म्हणतो,
‘तेव्हा कुठं तारेचं कुंपण होतं.’

नऊ नंबरच्या पेटीची पाटी मात्र आधीपासून आहे,
साहेबांच्या हातची:
कुंभदफन. अर्भक. ताम्रपाषाण युग. तापीकाठ.
दोन मडकी, तोंडाला तोंड लावलेली,
वरच्याला भेग, भेगेतून दिसतं काहीतरी
खारकेच्या बीएवढं, पिवळट.

बाजाराच्या दिवशी एक बाई आत आली,
मिरच्या विकून रिकामं झालेलं पोतं खांद्यावर.
सावलीसाठी आली होती, तिकीट आहे हे ठाऊक नव्हतं,
उखर्डूनेही सांगितलं नाही.
बिबट्यापाशी थांबली नाही. नागाच्या बरणीपाशीही नाही.
नऊ नंबरपाशी थांबली. पाटी वाचता येत नव्हती,
तरी तिने विचारलं ते पाटीत नव्हतंच:
‘हाई पोर कितला महिनानं व्हतं?’

मी वही उघडली. वहीत थर होता, खोली होती,
सेंटिमीटर होते.
उखर्डू म्हणाला, ‘माले नई माहीत, माय.
मन्हा पहिले तीन गयात. त्यासनंबी कोनी मोजं नई.’

मग तिने विचारलं, रात्री इथे दिवा असतो का.

साहेब एकदा शाळेच्या मुलांना सांगत होते,
जुनी माणसं काय जेवली, काय फुटलं, काय हरवलं,
सगळं उकिरड्यातच सापडतं,
उकिरडा ही आमची तिजोरी.
मुलं हसली. उखर्डू दाराशी ताठ उभा राहिला,
कुणी हजेरी घेतल्यासारखा.
जन्मला त्या दिवशी आईने त्याला
खरंच ठेवलं होतं उकिरड्यावर, सुपात घालून,
म्हणजे काळाला वाटावं, टाकलेलं आहे, काय न्यायचं.
शेजारणीने उचललं.
आईने सव्वा रुपयाला परत विकत घेतलं.

पुढच्या महिन्यात कार्यालयातून कागद आला:
पेटी क्र. ९ मधील ट्यूबलाइट रात्रभर चालू आढळते,
संबंधिताने लेखी खुलासा करावा.
उखर्डूला सही येते, खुलासा येत नाही.
म्हणून मी लिहिला. सवयीने चारच ओळी झाल्या:

वस्तू : उजेड.
गाव : हेच.
काळ : संध्याकाळी पाचनंतर.
देणाऱ्याचं नाव : उखर्डू झिपरू भिल.

साहेबांनी बराच वेळ कागद धरून ठेवला.
वाटलं, काही विचारतील.
मग खाली शेरा मारला: बिल पगारातून वळते करावे.
महिन्याला बेचाळीस रुपये.

उखर्डूने किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवला,
आकडा मला दोनदा वाचायला लावला.
‘महाग पडतंय पोर,’ म्हणाला,
‘मी तर सव्वा रुपयात आलो होतो.’
आणि बिबट्याच्या डोळ्यावरचा धागा
फुंकर न मारता, या वेळी बोटाने काढला.